सासरेबुवांच्या गाडीला पॉलिश

सासऱ्यांचं डोळ्यांचं ऑपरेशन यशस्वी झालं, ही बातमी ऐकून धास्तावलेला जगातला एकमेव जावई मीच असेन. गैरसमज नको. माणूस भला आहे आणि त्यांना सगळं स्वच्छ दिसावं अशीच माझी इच्छा होती. फक्त त्या सगळ्यात आमची गाडी येऊ नये, एवढंच. नजर कमी झाली तेव्हा त्यांनी आपली निळी गाडी आमच्या स्वाधीन केली होती. त्यानंतर ते आमच्याकडे येत, पार्किंगमध्ये थांबत, गाडीच्या जरा डावीकडे बघत "छान ठेवलीय हं जावईबापू" म्हणत, आणि मीही नम्रपणे मान लववून ते कौतुक पदरात पाडून घेत असे. असं सगळं सुखाने चाललं होतं.

आता फोनवर ते म्हणाले, "समोरच्या झाडाचं पान न् पान दिसतंय हो! रविवारी दुपारी येतोय आम्ही. आधी गाडी बघणार, मग चहा घेणार."

फोन ठेवून मी खाली गेलो आणि सासऱ्यांच्या नव्या नजरेने गाडीकडे पाहिलं. निळा रंग होता, नाही असं नाही, पण त्यावर साय धरल्यासारखी पांढुरकी कळा आली होती. टपावर कबुतरांच्या दीर्घ सेवेचे डाग होते. ऊन तिरपं पडलं की दारांवर बारीक गोल ओरखड्यांचं जाळं दिसत होतं. आणि मी तर गाडी रोज पुसतो. रोज सकाळी कोरडं फडकं घेऊन गोल गोल हात फिरवतो, त्याशिवाय मला ऑफिसला गेल्यासारखं वाटत नाही.

ही गाडी म्हणजे काही साधीसुधी गाडी नव्हे. "इतकी वर्षं चालवली, पण यांच्या हातून गाडीला एक ओरखडा पडला नाही," हे वाक्य सासूबाई पाहुण्यांना पाण्याच्या पेल्याबरोबर देतात. किल्ली माझ्या हातावर ठेवताना सासऱ्यांनी जेवढ्या सूचना केल्या तेवढ्या मुलगी देतानाही केल्या नव्हत्या. तेव्हा प्रश्न रंगाचा नव्हता. या घरात जावई म्हणून माझी जी काही पत होती ती त्या गाडीच्या टपावर होती, आणि तिथे कबुतरं बसत होती.

"धुवून टाका की," बायको म्हणाली.

"धुवून जायला ती काय धूळ आहे?"

"मग बाबांना सांगा, झालं असं म्हणून. ते काय खाणार आहेत तुम्हाला?"

मुलींना आपल्या वडिलांविषयी असे गोड गैरसमज असतात.

ऑफिसात मी सहज विषय काढला. माझ्या शेजारच्या टेबलावर लेखा विभागातला एक गृहस्थ बसतो. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो म्हणाला, "माझ्याकडे रोटरी पॉलिशर आहे. उद्याच आणतो. परत करायची अजिबात घाई नाही." एरवी हा माणूस टाचणी दिली तरी संध्याकाळी परत मागतो. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण गरजवंताची बुद्धी शाबूत नसते आणि माझी तर रविवारपर्यंत रजेवरच होती.

दुसऱ्या दिवशी त्याने मला यंत्र दिलं आणि वर कटिंग कंपाउंडचा अर्धा डबा फुकट दिला. यंत्र म्हणजे पुढे ताटलीएवढी मऊ गादी, मागे मोटर, बाजूला धरायला मूठ. गादी गरगर फिरते. तिच्यावर टूथपेस्टसारखं दिसणारं ते कंपाउंड लावायचं आणि गाडीवर फिरवायचं. मला वाटत होतं, पॉलिश म्हणजे रंगावर काहीतरी छानसं चढवायचं असतं. तो म्हणाला, छे, उलट. कंपाउंडमध्ये बारीक कण असतात, ते वरचा थर घासून काढतात. ओरखडा काही भरून येत नाही. त्याच्या आजूबाजूचा चांगला रंग ओरखड्याच्या पातळीला आणायचा, म्हणजे सगळं सारखं दिसतं. आमच्या ऑफिसात कर्मचाऱ्यांच्या बाबतीत हीच पद्धत आहे, त्यामुळे मला ती लगेच समजली.

शनिवारी सकाळी मी जुनी पँट चढवून, यंत्र काखोटीला मारून खाली उतरलो. पार्किंगमध्ये प्लगपॉइंट आहे. मी त्यात पिन घातली आणि मागून आवाज आला, "साहेब, ही वीज कुणाची?"

आमच्या इमारतीचे सेक्रेटरी. पांढराशुभ्र शर्ट, कडक इस्त्री, चेहऱ्यालाही तीच. मी म्हटलं, "आपल्या सर्वांची."

"तेच म्हणतोय मी. सर्वांची वीज एकाच्या गाडीला कशी चालेल? अर्ज द्या. पुढच्या सभेत ठेवू."

"पुढची सभा कधी आहे?"

"मागच्या सभेचा वाद मिटला की."

मागच्या सभेचा वाद म्हणजे जिन्यातला दिवा कुणी बंद करायचा, हा. तो मिटेपर्यंत सासऱ्यांना पुन्हा दिसेनासं झालं असतं. मग मी आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून वायर सोडली. इस्त्रीची वायर, तिला टीव्हीची जोडली, तिला कुठल्याशा जुन्या पंख्याची. ती गॅलरीतून लोंबत खाली आली तेव्हा सेक्रेटरींनी ती भिंतीला टेकते का, टेकत असल्यास भिंत कुणाची, हे वाकून तपासलं. टेकत नव्हती. त्यांना वाईट वाटलं, पण गेले नाहीत. उभे राहिले.

तोवर तळमजल्यावरचे इंजिनिअरकाका आले होते. काकांनी सगळा जन्म धरणांवर काढला, आणि तिथे पाणी अडवून जे काही साठलं ते आता सल्ल्यांच्या रूपाने सोडतात. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"हे ओरखडे कशाने झाले माहिताय?"

"कशाने?"

"तुम्ही रोज पुसता त्याने. कोरड्या फडक्याने धूळ घासली की दुसरं काय होणार? तुम्ही आळशी असतात तर गाडी छान राहिली असती."

माझ्या आयुष्यातली एकमेव नियमित सवय अशी भर पार्किंगमध्ये निकालात निघाली. मी ते मनावर घेतलं नाही, म्हणजे दाखवलं नाही.

"आता आधी एका लहान जागी करून बघा," काका म्हणाले. "सहसा दिसत नाही अशा जागी."

सल्ला रास्त होता, पण गाडीची दिसत नाही अशी जागा कोणती, यावर जी चर्चा झाली ती मी विसरणार नाही. मी म्हटलं, मागच्या दाराची खालची बाजू. सेक्रेटरी म्हणाले, ती त्यांना रोज जिना उतरताना दिसते. काका म्हणाले, डिकीचं झाकण. पण मुलं त्याच्याकडे क्रिकेटचे स्टंप म्हणून बघतात. शेवटी मी टप सुचवला. टप कोण बघतं? सगळ्यांनी मान डोलावली. एवढ्यात वरून तिसऱ्या मजल्यावरच्या आजी ओरडल्या, "आम्हाला टपच दिसतो बाई! बाकी गाडी कुठली, आम्हाला ठाऊकच नाही!" पण तोवर मी गादीवर कंपाउंड घेतलं होतं.

लेखा विभागाने मला बजावून सांगितलं होतं: यंत्र आधी रंगावर टेकवायचं आणि मग बटण दाबायचं. मला दोन्ही गोष्टी अगदी नीट आठवल्या, फक्त क्रम उलटा आठवला. गादी हवेत गरगरली आणि तिच्यावरचं सगळं कंपाउंड एका सरळ रेषेत सुटलं. काका धरणांवरचे, त्यांना धोका आधी कळतो. ते खाली बसले. सेक्रेटरी उभेच होते. त्यांच्या डाव्या खांद्यापासून उजव्या कंबरेपर्यंत एक राखाडी पट्टा उमटला.

 खिशातून रुमाल काढून त्यांनी फक्त चष्मा पुसला. मग शांतपणे म्हणाले, "याचाही अर्ज द्यावा लागेल," आणि वर गेले. वरून बायकोने विचारलं, "काय झालं हो?" मी म्हटलं, "काही नाही, सुरुवात झाली."

यानंतर मात्र मी टपावर ताटलीएवढा गोल नीट घासला, फडक्याने पुसला आणि बघतच राहिलो. त्या गोलात आकाश होतं. पाण्याची टाकी होती, तिच्यावरचं कबूतर होतं, आणि खाली माझा चेहरा होता, तोही बरा दिसत होता. काकांच्या तोंडून "वा!" निघालं. तिसऱ्या मजल्यावरून आजींनी टाळ्या वाजवल्या.

संकट इथूनच सुरू झालं. त्या एका गोलाने बाकीच्या गाडीची अब्रूच घालवली. आधी ती नुसती जुनी दिसत होती. आता तिच्याकडे कुणी कधी पाहिलंच नाही, अशी दिसायला लागली. गोल बुजवता येत नव्हता आणि सोडता येत नव्हता. पूर्ण टप करावा लागला. टप झाला तेव्हा बॉनेट भिकारी दिसू लागलं. बॉनेट अर्धं झालं तेव्हा अंधार पडला आणि माझे हात, यंत्र हातात नसतानाही, थरथरत राहिले. जेवताना मी आमटी वाढून घेतली ती बरीचशी टेबलाला गेली.

"एवढं कशासाठी करताय?" बायकोने विचारलं. तिचा आवाज जरा मऊ झाला होता.

"तुझ्या वडिलांसाठी," मी म्हटलं. तिला ते आवडलं. खरं होतं, म्हणून मलाही आवडलं.

रविवारी सकाळपासून काम फर्मास झालं. हात बसला होता. मूठ हलकी धरायची, यंत्र एका जागी थांबू द्यायचं नाही, आणि कडांना जायचं नाही, कारण कडेवर रंग पातळ असतो. बॉनेट, मग पुढची दारं, मग मागची. राखाडी चिखल पुसला की आतून निळा रंग असा वर यायचा, की मी दर वेळी दोन पावलं मागे जाऊन उभा राहायचो. आयुष्यात मी पुष्कळ कामं केली, पण केलेलं काम असं लगेच समोर दिसलं, असं फार वेळा झालेलं नाही. मी अगदी मनापासून सुखी होतो. आता फक्त मागच्या चाकावरचा पत्रा राहिला होता, आणि पाहुणे यायला अवकाश होता.

आणि यंत्र बंद पडलं.

मी बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. हे बटण सतत दाबून धरावं लागू नये म्हणून त्याला एक खटका असतो. तो मी लावून पाहिला, काढून पाहिला, आणि शेवटी कोणत्या स्थितीत सोडला ते देव जाणे. मोटर जळाली असणार. परत करायची घाई नाही, या शब्दांचा अर्थ आता मला कळला असं वाटलं. मी यंत्र गादी खाली करून डिकीवर ठेवलं आणि काकांना हाक मारली.

झालं होतं एवढंच, की वर बायकोला मिक्सर लावायचा होता. स्वयंपाकघरात प्लग एकच. तिने माझी पिन काढून मिक्सरची घातली, आणि काम झाल्यावर, ती नवऱ्याच्या कामाची कदर करणारी असल्यामुळे, माझी पिन पुन्हा आठवणीने घातली.

डिकीवरचं यंत्र एकदम जिवंत झालं. ते गरगरत, वायर अंगाभोवती गुंडाळून घेत, थेट कडेकडे निघालं. मी झेप घेतली. ते खाली पडू नये एवढ्याच हेतूने मी त्याला मिठी मारून गाडीवर दाबून धरलं, आणि दाबून धरलं ते नेमकं मागच्या चाकावरच्या पत्र्याच्या कडेवर. "पिन काढ! पिन!" मी ओरडत होतो. "घातली हो, घातली!" ती वरून ओरडत होती. अखेर काकांनी वायर ओढली, तिचे तिन्ही सांधे एकदम सुटले आणि जगात शांतता झाली.

मी यंत्र बाजूला केलं. कडेवर तळहाताएवढ्या जागेतला निळा रंग गेला होता. खाली करडा, खडूसारखा थर दिसत होता, आणि एका कोपऱ्यात त्याच्याही खाली दुसराच निळा, जरा फिकट.

"पत्र्यापर्यंत गेलो मी," मला रडू यायचं बाकी होतं.

काकांनी चष्मा चढवला, नखाने खरवडलं. "पत्रा कुठला? ही पुट्टी आहे. ठोकलेली जागा भरून घेतलीय आणि वरून नवा रंग मारलाय. ही गाडी कुणीतरी चांगली ठोकलीय."

"शक्य नाही. सासऱ्यांची गाडी आहे. तिला आजवर एक ओरखडा..."

 काका माझ्याकडे बघत होते, मी पुट्टीकडे. माझ्या हातून तर कधी गाडी ठोकली गेली नव्हती. मी ती एवढी जपून चालवायचो की सायकलवाले घंटी वाजवून पुढे जायचे. आणि आमच्या आधी ही गाडी एकाच माणसाच्या हातात होती. सासूबाईंचं ते पाण्याच्या पेल्याबरोबरचं वाक्य मला आठवलं, आणि ते ऐकताना सासरे नेहमी खिडकीबाहेर का बघतात, तेही. मी याला त्यांचा विनय समजत आलो होतो.

"काका," मी म्हटलं, "याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही."

"मी कशाला बोलतोय?" काका म्हणाले. याचा अर्थ संध्याकाळपर्यंत गच्चीवरच्या टाकीलासुद्धा कळणार होतं. आणि तेवढ्यात फाटकात टॅक्सी येऊन उभी राहिली.

सासरे उतरले ते थेट गाडीकडेच आले. सामान टॅक्सीतच राहिलं. नव्या डोळ्यांनी त्यांनी टप पाहिला, बॉनेटवर हात फिरवला, दारात स्वतःचा चेहरा पाहून केस सारखे केले. "जावईबापू!" एवढंच म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. ऑपरेशननंतर पाणी येतं म्हणतात, पण मला ते तसलं पाणी वाटलं नाही. मी मागच्या चाकापुढे पाय रोवून उभा होतो.

"अहो, तुम्ही असे तिरके का उभे?" सासूबाईंनी विचारलं, मला बाजूला केलं आणि वाकल्या. "हे काय? हे करडं काय आहे?"

पायऱ्या उतरून बायकोही आली होती. सासऱ्यांनी ती जागा पाहिली आणि त्यांचा चेहरा असा उतरला, की इतका मोठा माणूस मला एकदम लहान वाटला. हातातली पिशवी त्यांनी उगाच एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"ती पुट्टी आहे," काका उत्साहाने म्हणाले. "म्हणजे असं बघा, पूर्वी कधीतरी..."

"मी ठोकली!" मी मोठ्याने म्हटलं. "माझ्या हातून. खांबाला घासली. तुम्हाला कळू नये म्हणून गुपचूप रंगवून घेतली होती."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी असं काही करून ते तिच्यापासून लपवू शकेन, एवढी माझी कुवत नाही, हे तिला चांगलं ठाऊक आहे. मग तिने वडिलांकडे पाहिलं. आणि आईकडे वळून म्हणाली, "काय सांगू आई, यांचं लक्षच नसतं गाडी चालवताना." हे तिने गरजेपेक्षा जरा जास्तच मनापासून म्हटलं असं मला वाटलं.

मग सासूबाई सुरू झाल्या. पार्किंगमध्ये सुरू झाल्या, जिन्यात चालू राहिल्या आणि जेवताना रंगात आल्या. गाडी कशी वळवावी, आरशात कधी बघावं, खांब कसा ओळखावा. प्रत्येक मुद्द्याला दाखला एकच: "यांच्याकडून शिका जरा. इतकी वर्षं चालवली, पण आहे का कधी..." दर वेळी सासऱ्यांचा घास हातातच थांबायचा. मी मान खाली घालून "हो, चुकलंच" म्हणत होतो. एरवी खऱ्या चुकांबद्दल बोलणी खाताना मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. पोटभर जेवलो.

ऊन उतरल्यावर सासरे "जरा पाय मोकळे करतो" म्हणून खाली गेले ते बराच वेळ वर आले नाहीत. मी बघायला गेलो. ते गाडीच्या मागच्या चाकापाशी काकांकडचं स्टूल घेऊन बसले होते. बोटाला कंपाउंड, हातात स्वतःचा रुमाल, आणि त्या उघड्या जागेच्या कडेकडेने हलके गोल फिरवत होते. माझी चाहूल लागली तरी हात थांबला नाही.

"कुठल्या खांबाला घासलीत म्हणालात?"

"असाच एक. बाजारातला."

"बाजारातला नव्हे," ते म्हणाले. "आमच्याच फाटकाचा. ही बहिणीकडे गेली होती. ती यायच्या आत रंगाऱ्याकडून करून घेतलं. आज सांगू, उद्या सांगू म्हणत होतो. पण आल्या दिवशीच तिने शेजारणीला सांगितलं, यांच्या हातून एक ओरखडा नाही. मग सांगायला जागाच राहिली नाही. माणसाला लाज वाटते हो. जेवढं कौतुक जास्त, तेवढी जास्त."

मी त्यांच्याशेजारी खाली जमिनीवर बसलो. 

"आता सांगून टाकू तिला?" त्यांनी विचारलं. त्यांनी माझा सल्ला विचारण्याची ही पहिलीच वेळ.

"नको. आता ते माझ्या नावावर चढलंय. राहू दे."

"अरे, पण तुला जन्मभर ऐकावं लागेल."

"तसंही ऐकतोच की. आता निदान कारण आहे."

ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग स्टूल हललं. त्यांना हसताना पाहून मीही सुटलो, आणि मग आम्हा दोघांनाही थांबता येईना. डोळे पुसायला त्यांनी तोच रुमाल वर नेला, तो मी वेळेवर धरला, नाहीतर पुन्हा ऑपरेशन करावं लागलं असतं.

गॅलरीतून सासूबाई वाकल्या. "काय चाललंय हो खाली दोघांचं?"

"काही नाही गं," सासरे म्हणाले. "जावई शिकवताहेत मला."

"तुम्हाला? गाडीतलं? त्यांना काय येतंय!"

"बरंच येतं गं त्यांना," ते म्हणाले आणि कंपाउंडचा डबा त्यांनी माझ्याकडे सरकवला. "चल, तू त्या बाजूने ये."